एडिनबरात वाट दाखवणाऱ्या अनोळखी मंडळींचे आभार

एडिनबरा एका दिवसात पाहू निघालेल्या मराठी कुटुंबांना नाव न सांगता मदत करणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

सगळ्यात आधी किल्ल्यावरच्या कर्मचाऱ्यांचे. आत चढ खडा, फरसबंदी ओबडधोबड आणि पावसात निसरडी. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांसाठी वर नेणारी गाडी असते, पण ती दारातच विचारावी लागते. तुम्ही न विचारता पुढे आलात. तोफेपाशी लहान मुलांना पुढे घेणाऱ्यांचेही आभार. दुपारी एकला ही तोफ उडते, रविवार सोडून. लीथ बंदरातल्या जहाजांना वेळ कळावी म्हणून आधी कॅल्टन टेकडीवर उंच खांबावरून एक मोठा गोळा ठरल्या वेळी खाली सोडत. धुक्यात तो दिसत नसे, म्हणून १८६१ पासून तोफ. पाऊण वाजता जागा धरली नाही, तर समोरच्यांच्या पाठीच दिसतात.

बसचालकांनो, रोख दिल्यास सुट्टे परत मिळत नाहीत, कार्ड टेकवा, हे तुम्ही रांग खोळंबलेली असतानाही शांतपणे सांगितलंत.

रॉयल माइल या जुन्या शहरातल्या मुख्य रस्त्यावरून वेव्हर्ली स्टेशनकडे उतरणाऱ्या गल्ल्यांत पायऱ्याच पायऱ्या. बाबागाडीवाल्यांना कोबर्न स्ट्रीटच्या वळणदार उताराने पाठवणाऱ्या दुकानदारांचे फार उपकार आहेत.

आणि आर्थर्स सीट टेकडीवरच्या त्या गिर्यारोहकांचे! उंची जेमतेम २५१ मीटर, पण माथ्याजवळचा कातळ झिजून गुळगुळीत झालाय. पूर्वेच्या वाऱ्याबरोबर समुद्रावरून धुकं आलं की वाट दिसेनाशी होते. गुळगुळीत तळव्यांच्या चपला पाहून तुम्ही वेळीच माघारी फिरवलंत.