वप्पूची टोपी

हेलसिंकी, फिनलंड, 2 मे

प्रिय आजी,
साष्टांग नमस्कार.

काल महाराष्ट्र दिन, तुमच्याकडे शाळेत झेंडावंदन झालं असेल, इथेही 1 मेला सुट्टीच असते पण कामगार दिन आणि वसंत ऋतूचा सण दोन्ही एकत्र, नाव वप्पू. सहा महिने अंधार आणि बर्फ काढल्यावर ही माणसं किती आनंदात असतात ते बघायला तू इथे हवी होतीस गं.

सण खरा सुरू होतो 30 एप्रिलच्या संध्याकाळी. बंदराजवळच्या बाजारचौकात कारंज्यावर एका बाईचा पुतळा आहे, हावीस आमांदा, सगळे तिला मांता म्हणतात. 1908 साली बसवला तेव्हा अंगावर कपडा नाही म्हणून बरीच ओरड झाली होती म्हणे, आणि आज तीच गावाची लाडकी! कॉलेजची पोरं क्रेनने वर जातात, तिला घासूनपुसून आंघोळ घालतात आणि सहाच्या ठोक्याला तिच्या डोक्यावर पांढरी टोपी चढवतात, की खाली गर्दीतले सगळे आपापली टोपी घालतात. 2024 ला मूर्ती दुरुस्तीला नेली होती, तो चौक बघवत नव्हता.

ही टोपी आपल्या बारावीसारखी परीक्षा पास झालं की मिळते, पांढरा कपडा, काळी मखमली पट्टी, पुढे छोट्या वाद्याच्या आकाराचा सोनेरी बिल्ला. आणि ती जन्मभर घालायची! माझ्या शेजारच्या आजी 1966 ला पास झाल्या, त्यांची टोपी आता पार पिवळी पडलीय, काठाला धागे सुटलेत, तरी दरवर्षी कपाटातून काढून ब्रशने हळूच झटकतात. त्या सांगतात, त्यांच्या वेळी मांताला टोपी मध्यरात्री घालायचे आणि पोरं स्वतःच वर चढायची.

त्यांनी मला सिमा हे वप्पूचं पेय करायला शिकवलं. गरम पाण्यात साखर, ब्राऊन शुगर, लिंबू, कोमट झालं की चिमूटभर यीस्ट, रात्रभर ठेवून गाळायचं आणि बाटलीत चार बेदाणे टाकायचे. बेदाणे तळाशी असले की थांबायचं, फुगून वर तरंगायला लागले की झालं तयार. मी रोज सकाळी उठून आधी बाटलीच बघायचे. सोबत टिप्पालेइपा, अगदी आपली जिलबी पण पाकात न बुडवलेली, वरून पिठीसाखर, खाताना सगळी अंगावर सांडते.

काल सकाळी त्यांच्यासोबत उल्लानलिन्ना टेकडीवर गेले. थंडी होतीच, तरी चादरी अंथरून सगळे बसलेले, रंगीत ओव्हरऑल घातलेली पोरं, शेजारी ऐंशीच्या म्हाताऱ्या, डोक्यावर सगळ्यांच्या तीच टोपी, आणि विद्यार्थ्यांचं गायन सुरू झाल्यावर शेजारच्या आजी उठून उभ्या राहिल्या, हात टोपीवर धरून.

तेव्हा मला तूच आठवलीस. 1963 ला मॅट्रिक झालेली घरातली पहिली मुलगी, आणि ते सर्टिफिकेट ट्रंकेत साड्यांच्या खाली. बाबांना सांगून ते बाहेर काढ ना, हातात धरून फोटो पाठव. शेजारच्या आजींना दाखवायचाय, त्या विचारत होत्या.

तुझी,
छकुली