गाडी आली का?

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. दर रविवारी फोनवर बाबांचा पहिला प्रश्न असतो, "गाडी आली का?" मी म्हणते, "नाही अजून." मग बाबा "हं" म्हणतात, आणि त्या "हं"नंतर आई फोन काढून घेते. सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून आज लिहायला बसले.

तर, मी बुक केलेली इलेक्ट्रिक गाडी आलेली नाही. आधी मार्चअखेर म्हणाले, मग जून, आणि आता "चौथ्या तिमाहीत अपेक्षित" असा मेसेज आलाय. कुठल्या वर्षाची चौथी तिमाही ते काही लिहिलेलं नाही. कारण विचारलं की कधी सुटे भाग, कधी जहाज, कधी बंदरातली गर्दी. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! आई, तू मागे विचारलं होतंस, जहाज बुडलं-बिडलं तर नाही ना, आणि मी हसले होते. नंतर शोधलं तर तसं खरंच झालेलं आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत 'फेलिसिटी एस' नावाच्या मालवाहू जहाजाला अटलांटिक महासागरात आग लागली आणि सुमारे चार हजार गाड्या पोटात घेऊन ते मार्चमध्ये तळाला गेलं. खलाशी सगळे वाचले. माझी गाडी बहुधा अजून जहाजावर चढलेलीच नाही, तेव्हा तू निर्धास्त राहा.

बाबा, तुम्ही म्हणालात, "जगात एकच गाडी आहे का? दुसरी बघ." मला राग आला होता. सहा महिने अभ्यास करून निवडलेली गाडी, आणि तुम्ही एका वाक्यात निकालात काढलीत. पण जूनही कोरडा गेला, तेव्हा मी गुपचूप दुसऱ्या गाड्या बघायला लागले. चार शनिवार त्यात गेले. बुकिंग रद्द केलेलं नाही, रांगेतला नंबर सोडवत नाही.

तुमच्या नातवाने कॉम्प्युटरवर मोठा तक्ता केलाय. त्यात बॅटरीचा आकार, रेंज, डिकी किती लिटरची, शून्यावरून शंभरला किती सेकंदांत, असं सगळं आहे. शेवटचा रकाना सोडला तर तो तक्ता तुम्हालाही आवडेल, कारण तुमच्या पेट्रोलच्या वहीचाच तो नातू आहे. प्रत्येक वेळी टाकी भरली की तारीख, लिटर, किलोमीटर. ती वही अजून आहे ना? इलेक्ट्रिक गाडीचा हिशोबही तसाच. फक्त लिटरऐवजी युनिट, म्हणजे किलोवॅट-तास. मी बघते आहे त्या आकाराच्या एसयूव्हीला १०० किलोमीटरला साधारण १६ ते २० युनिट लागतात. ७७ युनिटांची बॅटरी आणि १८ चा खप धरला तर सव्वाचारशे किलोमीटर होतात. जाहिरातीत आकडा याहून मोठा असतो, कारण तो डब्ल्यूएलटीपी नावाच्या चाचणीतला असतो. ही चाचणी युरोपात २०१७ मध्ये आली. त्याआधीची एनईडीसी चाचणी तर आकडे देण्यात आणखी उदार होती. तुमची वही या दोन्हींपेक्षा खरी. आणि वेग वाढवला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे शंभरऐवजी एकशेवीसने गेलं की तो जवळजवळ दीडपट होतो. तुम्ही मागे बसून "सावकाश, सावकाश" म्हणता, त्याला आता शास्त्राचा आधार मिळाला.

बॅटरी चार वर्षांत मरेल ही तुमची भीती. बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोवर, क्षमता ७० टक्क्यांखाली गेली तर दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची हमी देतात. आपण दोघी-तिघं मिळूनही एवढं फिरणार नाही.

मी बुक केलेल्या गाडीत निकेलवाली बॅटरी आहे. कमी वजनात जास्त पल्ला, पण रोज शंभर टक्के भरायची नाही, ऐंशीवर थांबायचं. दुसरी जात म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी. तिच्यात निकेल नाही, कोबाल्ट नाही. तेवढ्याच विजेला जड पडते आणि कडाक्याच्या थंडीत चार्ज व्हायला कुरकुर करते, पण खुशाल पूर्ण भरावी, उलट अधूनमधून भरावीच असं कंपन्या सांगतात. बीवायडी या चिनी कंपनीच्या अॅटो ३ गाडीत ती आहे, ६०.४८ युनिटांची, आणि कागदावर ४२० किलोमीटर. आपल्या दोन घरांमधलं अंतर २३० किलोमीटर आहे. हायवेला चारशेवीसमधले तीनशे हाती लागले तरी मी न थांबता तुमच्या दारात. मग मी एवढी मोठी बॅटरी कशासाठी बुक केली होती? याचं प्रामाणिक उत्तर म्हणजे, आकडा मोठा होता म्हणून.

आई, त्याच अॅटो ३ च्या दारांच्या आतल्या कप्प्यांना गिटारसारख्या तारा लावल्यात. छेडल्या की वाजतात. तू पूर्ण प्रवासभर वाजवशील आणि बाबा पूर्ण प्रवासभर "पुरे" म्हणतील.

आता खरी गोष्ट. तिसऱ्या शनिवारी शोरूममध्ये पोरगा पुढे जाऊन बसला, विक्रेता त्याच्या शेजारी, त्यामुळे मला मागे बसावं लागलं. चार शोरूम फिरून मी पहिल्यांदाच मागे बसले होते. बसले आणि गुडघे वर आले, जवळजवळ पोटाशी. मांडीखाली आधारच नाही. विचारलं तर कळलं, बॅटरी सगळी जमिनीत पसरलेली असते, म्हणून आतली फरशी वर येते. छप्पर मात्र फार वर नेता येत नाही, मग सीट खाली राहतं. बाहेरून उंच दिसणाऱ्या गाडीत आत बसायला पाटावर बसल्यासारखं होतं. प्रत्येक गाडीत नाही, पण कुठल्या गाडीत ते माहितीपत्रकातून कळत नाही.

आणि मला ती दुपार आठवली. बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीहून आपण परत आलो तेव्हाची. बाबा, तुम्ही एक हात दाराच्या चौकटीवर ठेवलात, दुसरा पुढच्या सीटवर, एकदा उठायचा प्रयत्न केलात, परत बसलात, आणि दुसऱ्या झटक्याला उठलात. मी हात पुढे केला तो तुम्हाला दिसला नाही, किंवा दिसला आणि घेतला नाहीत. आई त्या वेळी उगाच कुंडीतली पानं बघत होती. मी त्याच आठवड्यात नवी गाडी बुक केली. मनाशी म्हटलं, आईबाबांसाठी. आणि बुक काय केलं, तर उतरत्या छपराची, खाली टेकलेल्या मागच्या सीटची, सुंदर दिसणारी गाडी. तिच्या मागच्या सीटवर मी आजपर्यंत बसलेली नाही. माझ्या शहाणपणाची ही तऱ्हा. गाडी वेळेवर आली असती तर एव्हाना तुम्ही तिच्यातून दोनऐवजी तीन झटक्यांत उठत असता आणि "छान आहे हो गाडी" म्हणत असता.

त्यानंतर मी पर्समध्ये मोजपट्टी ठेवायला लागले. विक्रेते आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत किती, आतल्या फरशीपासून सीटपर्यंत किती, दाराचा उंबरा किती रुंद, दार किती उघडतं. छताला धरायची कडी आहे का तेही बघते; काही नव्या गाड्यांत ती नसतेच. बाहेर उभं राहिल्यावर सीट साधारण मांडीच्या मध्यावर आलं तर बरं. त्याहून खाली असेल तर उठताना गुडघ्यावर भार येतो, वर असेल तर चढताना. तक्त्यात हे रकाने मी पहिले घातले, पोरगा नाराज आहे.

आई, तुझ्या बोटांसाठीही एक रकाना आहे. दाराचे दांडे हल्ली अंगात दडवलेले असतात. टेस्लाच्या मॉडेल वायला एक टोक अंगठ्याने दाबायचं, दुसरं बाहेर येतं, ते ओढायचं. ह्युंदाईच्या आयोनिक ५ चे दांडे कुलूप उघडलं की आपोआप बाहेर येतात. सांधे सुजलेल्या सकाळी तुला काय जमेल ते तूच सांगू शकशील. काही गाड्यांत आतून दार उघडायलाही बटण असतं, त्यामुळे वीज गेली तर हाताने उघडायची सोय मागच्या दारांना कुठे आहे, हे मी प्रत्येक ठिकाणी दाखवायला लावते. एका ठिकाणी विक्रेत्यालाच ती सापडायला पाच मिनिटं लागली. त्या गाडीपुढे फुली.

तुझ्या मळमळीचंही बघितलं. या गाड्यांत अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलटं काम करते, जनित्र होते, चाकांची गती वीज बनून बॅटरीत परत जाते. वीज वाचते, पण चालवणारा नवखा असेल तर गाडी सारखी मागे ओढल्यासारखी होते आणि मागच्या माणसाचं पोट ढवळतं. आयोनिक ५ आणि किआच्या ईव्ही६ मध्ये हा ओढा स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी कमीजास्त करता येतो, अगदी शून्यावरही आणता येतो. बाबांसाठी याची पुढची गंमत: ब्रेकचं निम्मं काम मोटरच करते म्हणून फोक्सवॅगनच्या आयडी.४ ला मागे डिस्क नाहीत, ड्रम ब्रेक आहेत. आपल्या पहिल्या गाडीला होते तसे. २०२१ ची जागतिक 'कार ऑफ द इयर' ती, आणि मागे ड्रम!

सध्या डोक्यात आयोनिक ५ घोळते आहे. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर तीन मीटर, फरशी सपाट, मागचं सीट पुढेमागे सरकतं. चार्जिंग ८०० व्होल्टवर चालतं, म्हणून तगडा चार्जर मिळाला तर १० ते ८० टक्के १८ मिनिटांत, म्हणजे आई खाली उतरून पाय मोकळे करून परत येईपर्यंत. सुरुवातीच्या गाड्यांना मागच्या काचेला वायपरच नव्हता, २०२४ च्या सुधारणेत तो आला. वाट बघण्याचे काही फायदे असतात म्हणायचे. स्कोडाची एन्याकही बघितली. ५८५ लिटरची डिकी, दारात छत्री. किआची ईव्ही९ बघून तर मी हरखले होते, तिच्या एका प्रकारात मधल्या रांगेची सीटं दाराकडे वळतात. बाबांनी बसायचं, सीट फिरवायचं, झालं. पण पाच मीटर लांबी, आमच्या पार्किंगच्या दोन खांबांमध्ये ती शिरणार नाही, आणि चढायला उंच. मॉडेल वायमध्ये चालकासमोर काटेच नाहीत, वेगाचा आकडाही मधल्या पडद्यावर. म्हणजे तो बाबांना मागून स्वच्छ दिसणार. एवढ्या एका कारणासाठी ती मी यादीत खाली ढकलली आहे, हे प्रांजळपणे कळवते.

निर्णय झालेला नाही. बुकिंग सोडायचं की नाही, हेही नाही. पण गाडी आली की तुम्हाला न्यायला येईन, असं म्हणत मी सात महिने काढले, आणि जुनी गाडी खाली उभीच आहे. ती चालते. तेव्हा येत्या शनिवारी तिनेच येते. पोरगाही आहे. आल्यावर बाबांच्या खोलीबाहेरचा सॉकेट एकदा इलेक्ट्रिशियनला दाखवू, अर्थिंग नीट असेल तर रात्री दहा तासांत साध्या सॉकेटवरून वीसेक युनिट मिळतील, म्हणजे परतीचा निम्मा रस्ता.

तोवर एक काम आहे, आणि ते आईनेच करायचं. बाबा ज्या खुर्चीतून हात न टेकता उठतात, ती खिडकीजवळची, तिची उंची मोज. शिवणाच्या डब्यातली टेप घे. जमिनीपासून बसायच्या जागेपर्यंत, आणि उशी घालून बसत असतील तर उशी धरून, ते बसलेले असताना. बाबांना विचारू नकोस, ते दोन इंच कमी सांगतील. मोज आणि आकडा फोनवर कळव, रविवारी, त्यांच्या हातातून फोन काढून घेतल्यावर.

तुमची,
लेक