सुधाकरास पत्र

रामबाग, इंदूर

प्रिय सुधाकर,

तुझं पत्र मिळालं. काकांच्या कॅन्सरची सिकाई, म्हणजे किरणांचा उपचार (रेडिएशन), इथे करायचं ठरवलंत, बरं झालं. सोमवार ते शुक्रवार रोज जायचं, सहा-सात आठवडे चालतं. खोली शोधू नकोस, उतरायचं आपल्याच घरी.

पण ‘बाबांना कॅन्सर म्हणून सांगू नकोस’ हे काही मला पटलं नाही. जन्मभर कोर्टात दुसऱ्यांचे कागद वाचलेल्या माणसाला स्वतःचा रिपोर्ट वाचता येणार नाही होय रे? आमच्या भाऊजींना सासूबाईंनी ‘गळ्याला जरा शेक द्यायचाय’ एवढंच सांगून नेलं होतं. तिथे डोकं हलू नये म्हणून मास्क करतात. जाळीचं प्लॅस्टिक गरम पाण्यात मऊ करून तोंडावरून ओढतात, दाबून बसवतात, काही मिनिटांत ते कडक होतं. भाऊजी असे घाबरले की त्या दिवशी मास्क झालाच नाही. जाळीतून श्वास नीट घेता येतो, मशीन चालू असताना आपण खोलीत एकटे असलो तरी बाहेरून कॅमेऱ्यात बघत असतात, हात हलवला की थांबवतात, दुखत तर काहीच नाही. एवढं आधी कळलं असतं तर ते गुमान पडून राहिले असते.

काकांच्या मिशांचं काय ते मास्कच्या आधी ठरवा, मागून काढल्या तर तो सैल बसेल. दाताच्या डॉक्टरकडे मात्र उद्याच ने. खराब दात आधीच काढायचे आणि जखम भरू द्यायची, कारण सिकाई झालेल्या जबड्यात नंतर दात काढला तर हाड भरून येणं कठीण. आणि तंबाखू बंद म्हणजे बंद, चिमूटभरसुद्धा नाही.

पहिले आठ-दहा दिवस काही जाणवत नाही, मग घरचे खूश होतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येतं, चव जाते, लाळ घट्ट होते. सगळ्यात वाईट दिवस शेवटी-शेवटी, आणि सिकाई संपल्यावरचे एक-दोन आठवडे. हे काकांना माहीत हवं, नाहीतर ‘उपचार संपले तरी त्रास वाढतोय’ म्हणून धीर सोडतील. शेव, तिखट, आंबट सगळं बंद. मऊ भात, शिरा, दूध चालेल. नळीने भरवायची वेळ आली तर घाबरू नका, वजन टिकायला हवं. मानेला हळद-तेल काही चोळू नका, डॉक्टर सांगतील तेच लावायचं.

आणि वहिनींना सांग, काकांना नातवाला खुशाल मांडीवर घेऊ दे. बाहेरून दिलेल्या सिकाईचे किरण अंगात राहत नाहीत.

बायोप्सीचा रिपोर्ट आणि काकांची कवळी, दोन्ही आठवणीने आण. गाडी कळव, स्टेशनवर येतो.

तुझा,
मधू