गुरुवारचं पाणी आणि बाकीच्या बातम्या : महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका, शिवाजीनगर, पुणे ४११ ००५.

विषय : प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने दर आठवड्याला एक पानी माहितीपत्रक काढण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

‘गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येणार.’ हे वाक्य तोंडपाठ नसलेला पुणेकर शोधून काढावा लागेल. त्याच्या मागे-पुढे पर्वती, वडगाव, वारजे, लष्कर अशा जलकेंद्रांची नावं असतात, ‘विद्युत, पंपिंग व स्थापत्यविषयक तातडीची देखभाल दुरुस्ती’ असते आणि खाली अर्धा कॉलम भरून भागांची यादी. त्या यादीत आपली गल्ली आहे की नाही, हे बघायला चष्मा पुसून बसावं लागतं. मी सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीची सचिव आहे. ही यादी वाचून ‘आज रात्री टाक्या भरून घ्या’ एवढं सगळ्यांना सांगणं हे माझं काम. खरं सांगायचं तर यादी मी वाचतच नाही. आमचा वॉचमन चावीवाल्याला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या माणसाला विचारतो. चावीवाला सायकल न थांबवता सांगतो, “उद्या नाय येनार, परवा बी अकराच्या फुडं.” वार आला, वेळ आली, संपलं. आणि त्याची बातमी सहसा प्रेसनोटपेक्षा खरी निघते.

पाण्याची तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही, ती करायला जागा पुष्कळ आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. महापालिका आमच्या दारात काय करणार आहे, ते आम्हाला करून झाल्यावर कळतं. आधी कळावं, एवढंच मागते आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तर सगळं जाहीर करतो. करता, आणि कायद्याप्रमाणे करता. झाडांचंच घ्या. नागरी क्षेत्रांतल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यानुसार झाड तोडायचं तर वर्तमानपत्रात सूचना द्यायची, झाडावर नोटीस लावायची आणि हरकतींसाठी सात दिवस ठेवायचे. चांगली तरतूद आहे. प्रत्यक्षात काय होतं? बुंध्याला एक ए-फोर कागद, दोन चुका, वर जमलंच तर प्लॅस्टिकची पिशवी. पावसाळा असेल तर तिसऱ्या दिवशी शाई उतरून अर्जदाराचं नाव जांभळ्या ओघळात वाहून गेलेलं. फुटपाथच्या आतल्या अंगाला लावला असेल तर वाचायला कुंपणावरून वाकावं लागतं. सकाळी फिरायला जाणाऱ्या एखाद्या आजोबांच्या नजरेला तो पाचव्या दिवशी पडला, तर हरकत लिहून, आवक-जावकला शिक्का मारून घ्यायला उरले दोन दिवस, त्यात एक रविवार. विकास आराखड्यातल्या फेरबदलांचंही तेच. राजपत्रात आणि दैनिकांत जाहिरात, महिनाभराची मुदत, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर. आपल्या खिडकीसमोरच्या मैदानाचा सर्व्हे नंबर किती जणांना पाठ असतो? कायदा पाळला जातो, पण ज्याच्यासाठी तो केला त्याला पत्ता नसतो.

दुसरी वाट फ्लेक्सची. तिच्यावर फार लिहीत नाही, कारण सगळं शहर रोज बघतं. ‘यांच्या संकल्पनेतून’, ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून’, ‘यांच्या विकासनिधीतून’. काम काय, किती रुपयांचं, कधी सुरू, कधी संपणार, ठेकेदार कोण, दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षांची, यातलं एकही अक्षर नाही. (बाकड्यावर टेकायच्या जागेपेक्षा नाव मोठं असतं, तेव्हा बसावं की वाचावं कळत नाही.)

तिसरी वाट म्हणजे फॉरवर्ड, आणि मला खरी भीती तिची वाटते. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. खडकवासला धरणातून मुठेत विसर्ग वाढवला होता. रहिवाशांची सगळ्यात मोठी तक्रार हीच होती की वेळेत कोणी सांगितलं नाही. विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी, असा जाहीर होतो. तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला क्युसेकचं काय करायचं? त्याला ‘अमुक पुलाजवळच्या या या सोसायट्यांनी गाड्या वर काढा, इतक्या वाजायच्या आत’ असं हवं असतं. पानशेत धरण फुटून आलेला पूर ज्या शहराने १९६१ मध्ये पाहिला, त्याला हे शिकवायची वेळ यावी का?

पुढे सहाच महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, आमच्याच पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण सापडू लागले. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं राज्यभर झाली. त्या दिवसांत आमच्या ग्रुपवर काय काय आलं! चिकन खाऊ नका, पनीर खाऊ नका, शिळा भात तर बघूही नका. कोणी विहिरीचा फोटो टाकी, कोणी टँकरचा. त्या गदारोळात ‘पाणी उकळून प्या’ हा डॉक्टरांचा साधा सल्लाही तिसऱ्या रांगेत जाऊन बसला. लोक घाबरलेले असताना त्यांना महापालिकेच्या शिक्क्याचा एक कागद हवा असतो. आमच्या भागातलं पाणी कुठून येतं, कुठल्या दिवशी तपासलं, क्लोरीन किती निघालं. तो कागद जिन्याखालच्या फळ्यावर डकवता आला असता, तर निम्मे फॉरवर्ड मेले असते.

हे तुमच्या यंत्रणेला जमत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. पालख्या येतात तेव्हा बघा. निवडुंग्या विठोबाला तुकोबांची, पालखी विठोबाला माऊलींची मुक्कामाची व्यवस्था, टँकर कुठे, फिरती स्वच्छतागृहं कुठे, कुठला रस्ता किती वाजता बंद, हे पोराटोरांना ठाऊक असतं. गणपतीत विसर्जनाच्या हौदांची यादी घरोघरी पोहोचते. महापालिका आणि पोलीस दोघांनाही लोकांच्या भाषेत बोलता येतं, फक्त ते सणासुदीला बोलतात. उरलेल्या दिवसांतही हे शहर चालूच असतं की.

आणखी एक गोष्ट मनात आहे, ती बोलूनच टाकते. १५ मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं या शहराला नगरसेवक नव्हते. स्थायी समितीही प्रशासक, मुख्य सभाही प्रशासक. भांडण नाही, तहकुबी नाही, त्यामुळे बातमीही नाही. सभागृहातली आदळआपट कितीही कंटाळवाणी वाटली, तरी तिच्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या पेपरात कळायचं की अमुक विषय आला होता आणि तमक्याने विरोध केला. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतावर पैसे उधळायला त्यांनी एकट्याने विरोध केला, हे आपल्याला सव्वाशेहून अधिक वर्षांनीही माहीत आहे. गेल्या चार वर्षांत आमच्या प्रभागातला कुठला ठराव कोणाच्या सहीने, कुठल्या कारणासाठी झाला, ते मात्र मला सांगता येणार नाही. आता १५ जानेवारी २०२६ च्या मतदानानंतर ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक आले आहेत. सभा भरेल, गोंधळ होईल, छान होईल. पण सभागृहातली बातमी गल्लीपर्यंत आणणं हे काम प्रशासनाचं आहे. ते नगरसेवकांवर सोडलं तर पुन्हा फ्लेक्सच लागतील.

आमच्याकडच्या गावांना हे जास्त बोचतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावं महापालिकेत आली, जून २०२१ मध्ये आणखी तेवीस. ग्रामपंचायत होती तेव्हा वर्षातून निदान चार ग्रामसभा घ्याव्या लागत. आमच्या शेजारच्या काकी सांगतात, सरपंचाला भर सभेत गटाराचा हिशोब विचारला होता आणि त्याने तिथल्या तिथे ग्रामसेवकाला वही काढायला लावली. ती सभा गावाबरोबर बरखास्त झाली. तिच्या जागी शहरात काय? कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या एका छोट्या भागातल्या मतदारांची सभा आहे. आपण कुठल्या क्षेत्रसभेत येतो, हे विचारलं तर लोक माझ्याकडेच संशयाने बघतात. मोहल्ला कमिटीच्या बैठका क्षेत्रीय कार्यालयात होतात. तिथे अधिकारी बसतात, ऐकतातही, काही कामं मार्गी लागलेली मी पाहिली आहेत. पण तारीख कळते ती नेहमीच्याच सात-आठ जणांना. मग अधिकारी म्हणतात, लोकांना इंटरेस्ट नाही.

नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक करायची पद्धत पुण्याने २००६ मध्ये सुरू केली. देशातल्या फार थोड्या शहरांना हे सुचलं होतं, आणि पुणेकर म्हणून मला त्याचा अभिमान आहे. पाच लाखांपर्यंतचं काम साध्या माणसाने सुचवायचं, फॉर्म भरून द्यायचा. दिवा, बाकडं, फुटपाथचा तुटलेला तुकडा, बसथांब्यावर पत्रा. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त ड्राफ्ट्समनने तर नकाशा काढून, मापं टाकून अर्ज दिला. पुढे? मंजूर, नामंजूर, अपूर्ण, दुसऱ्या खात्याकडे वर्ग, काहीच कळलं नाही. नामंजूर म्हणून एक ओळ आली असती तरी तो माणूस पुढच्या वर्षी पुन्हा नकाशा घेऊन बसला असता. आता तो बसत नाही.

तर मागणी अशी. पंधरा क्षेत्रीय कार्यालयं आहेत. प्रत्येकाने दर शुक्रवारी एक पान काढावं. एकच, पाठपोट नको, आर्ट पेपर नको, कोणाचाही फोटो नको. येत्या आठवड्यात पाणी कुठे आणि कधी नाही. कुठला रस्ता खोदणार, कशासाठी, कधी बुजवणार. कुठल्या झाडांवर, कुठल्या आरक्षणावर हरकती मागवल्या आहेत, शेवटची तारीख कोणती, अर्ज कोणाच्या टेबलावर द्यायचा. सर्व्हे नंबराच्या पुढे कंसात ‘दूध डेअरीच्या मागचं मैदान’ असं लिहावं. मोहल्ला कमिटीची तारीख. सहभागी अंदाजपत्रकातल्या अर्जांचं काय झालं. आणि मागच्या आठवड्यात जे सांगितलं होतं त्यातलं काय झालं नाही. ही ओळ सगळ्यात महत्त्वाची, ती गाळू नये.

त्याच पानावर तळाला चार ओळी कार्यक्रमांच्याही हव्यात. महापालिकेची नाट्यगृहं आहेत, वाचनालयं आहेत, विरंगुळा केंद्रं आहेत, संभाजी उद्यानातलं फुलांचं प्रदर्शन आहे, लसीकरणाची शिबिरं आहेत. वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून भरते आहे, ऐकायची हौस या शहराला नवी नाही. पण शनिवार-सदाशिवातल्या माणसाला जे कार्यक्रम पायाखालचे, ते नऱ्हे किंवा मांजरीतल्या माणसाला संपल्यावर फेसबुकवर दिसतात. आमच्या भागातल्या समाजमंदिरात ज्येष्ठांची मोफत डोळेतपासणी झाली, हे मला तिथल्या सतरंज्या गुंडाळताना बघून कळलं.

‘हे सगळं वेबसाइटवर आहे’ असं उत्तर येईल, म्हणून आधीच लिहिते. असेलही. पण एका कार्यालयातला सूचनाफलक मी जवळून पाहिला आहे. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण तिथल्या शिपायाने मला बसायला खुर्ची दिली होती. काचेचं कपाट, त्याला छोटं पितळी कुलूप, आत एकावर एक टाचलेल्या नोटिसा, वरच्या कागदाने खालच्याची तारीख झाकलेली. किल्ली कोणाकडे, विचारलं तर तीन टेबलं फिरले. वेबसाइट ही त्याच कपाटाची मोठी आवृत्ती आहे. कागद आत आहे, वाचता येत नाही.

उलट पेठांमध्ये मंडळांचे फळे बघा. एक जण रोज सकाळी ओल्या फडक्याने कालचं पुसतो, सुकायची वाट बघतो आणि खडूने मोठ्या अक्षरात आजचं लिहितो. कोण गेलं, कोण पास झालं, कोणाचा वाढदिवस, आणि गरज पडली तर ‘उद्या पाणी नाही, भरून ठेवा’. रिक्षावालाही सिग्नलला थांबून वाचतो. तुमचं पान या फळेवाल्यांना द्या, ते उतरवून घेतील. रेशन दुकानात, डेअरीत, दवाखान्यात, वाचनालयात लावा. आम्हा सोसायटीवाल्यांना फोनवर पाठवा, जिन्याखाली डकवायचं काम आमचं. खर्च म्हणाल तर शुभेच्छांच्या एका फ्लेक्सच्या पैशात एका कार्यालयाचे कित्येक आठवडे निघतील.

माहितीच्या बाबतीत पुण्याने पूर्वी राज्याला वाट दाखवली आहे. सोमवारी दुपारी तीन ते पाच नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत इथे २००९ मध्ये पडली आणि २०१८ मध्ये शासनाने ती इतरांनाही लागू केली. फाइल काम झाल्यावर बघायची असते. हे पान त्याच्या आधीचं आहे, इतकाच फरक.

सुरुवात पंधरा ठिकाणी करायला अडचण असेल तर एका ठिकाणी करा. पानाचा कच्चा नमुना मी करून ठेवला आहे, आमच्या ड्राफ्ट्समन काकांनी रकाने आखून दिलेत. आमच्या भागातल्या मोहल्ला कमिटीची पुढची बैठक कधी आहे ते कळवलंत, तर तो घेऊन येते.

आपली,
सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीची सचिव

प्रत : मा. महापौर, पुणे महानगरपालिका