बाबांच्या अन्ननलिकेचा तो फोटो

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा "आता बरा आहे ना मी" म्हणून फोन तुझ्याकडे देतात, आई. म्हणून लिहायला बसले.

बाबा, एन्डोस्कोपीचा तो फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. अन्ननलिका वर गुलाबी, खाली कोळशासारखी काळी, आणि जिथे जठर सुरू होतं तिथे तो काळेपणा एकदम थांबलेला. 'ब्लॅक इसोफॅगस' हे नाव मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. एन्डोस्कोपीत हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो 1990 मध्ये. इतका तो विरळा.

पण सुरुवात कशाने झाली? तापाने. तोंडाला चव नाही, जेवण नाही, म्हणून "पोटात काही नाही तर सुई कशाला" असं ठरवून तुम्ही चार दिवस इन्सुलिन घेतलं नाही. दिसायला हे बरोबर वाटतं, मलाही वाटलं असतं. पण तापात शरीर स्वतःच साखर वाढवतं, उपाशी असलं तरी. इन्सुलिन नाही म्हणून ती साखर पेशींत जात नाही, मग शरीर चरबी जाळतं, त्यातून तयार होणारे कीटोन नावाचे पदार्थ रक्तात साचून रक्त आम्लधर्मी होतं. वाढलेली साखर लघवीवाटे पाणी ओढून नेते. अंगातलं पाणी गेलं, रक्तदाब पडला. अन्ननलिकेच्या खालच्या भागाला रक्तपुरवठा मुळात बेताचा, तोही आटला, आणि उलट्यांमधलं आम्ल त्यावरच येत राहिलं. आतलं अस्तर मेलं.

काळी, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, ते रक्त होतं, पण तुम्ही ती पित्ताची समजून बेसिन धुऊन टाकलं. आईलाही सांगितलं नाही. आदल्या दिवशी फोनवर तुम्हाला धाप लागत होती, तुम्ही झोपेतून उठलात असं मी समजले. ते मला अजून सलतं.

सलाईन, इन्सुलिन, आम्ल कमी करणारी इंजेक्शनं आणि तोंडाने काहीच नाही, यावर अस्तर पुन्हा धरलं. अन्ननलिका फाटली नाही, हे आपलं नशीब. मात्र बरं होताना ती आकसू शकते. आई, भाकरीचा घास अडकतो, पाण्याने ढकलावा लागतो असं ते म्हणाले तर त्याच दिवशी मला कळव. नरम भात देऊन भागवू नकोस.

आणि बाबा, ताप आला, उलट्या झाल्या तरी इन्सुलिन आपल्या मनाने बंद करायचं नाही. किती घ्यायचं, कोणत्या गोळ्या थांबवायच्या, ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं. दर चार तासांनी साखर बघायची.

साखर बघायच्या पट्ट्यांचे दोन डबे आणि लघवीतले कीटोन बघायच्या पट्ट्या पाठवल्या आहेत. कशा वापरायच्या ते शनिवारी आले की दाखवते.

तुमची,
ताई