पत्रास कारण की, तू म्हणायचास तेच झालं

प्रिय मित्रा,

सात-आठ महिन्यांत तुला साधा फोन केला नाही. तुझे दोन मेसेज वाचून तसेच ठेवले. रागावला असशील तर मनसोक्त बोल, पण आधी हे वाच. घरी सगळे ठीक. माझं बीपी गोळीवर आहे.

मंगळवारचा शेवटचा पेशंट. वरच्या पहिल्या मोलर दाढेचं रूट कॅनाल, आणि एमबी-टू, तो लपून बसणारा बारीक कॅनाल, काही केल्या सापडेना. अर्ध्या तासाने सापडला आणि त्यात फाईल, ती सुईसारखी बारीक कानस, फिरवताना अंगठा आणि तर्जनी बधिर झाली. फाईल बोटांत दिसत होती, पण लागत नव्हती. आपलं अर्धं काम बोटांना कळतं, तुला काय सांगायचं! फाईल ट्रेमध्ये ठेवली, पेशंटला म्हटलं, "जरा तोंड मिटा," आणि पाठ करून हात झटकत उभा राहिलो. मग क्लोज्ड ड्रेसिंग देऊन दाढ तात्पुरती बंद केली आणि पुढची तारीख दिली. घरी अजून कुणाला बोललो नाही.

एमआरआय झाला. मानेतल्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली चकती. ऑपरेशन नको म्हणतात, फिजिओ चालू आहे. तिथल्या बाईंनी विचारलं, "व्यायाम काय करता?" मी म्हणालो, "दिवसभर कामानेच जीव जातो." त्या म्हणाल्या, "दमणं वेगळं, हालचाल वेगळी." तेव्हापासून तेच डोक्यात आहे. घरी येऊन फोनमध्ये पावलं पाहिली. दहा तासांच्या क्लिनिकमध्ये 1,900. खुर्चीपासून एक्स-रेपर्यंत आणि तिथून बेसिनपर्यंत! आणि मी वीस वर्षं त्या थकव्यालाच व्यायाम समजत आलो. चार-पाच किलोचं डोकं पुढे झुकवून ठेवायचं, खांदे वर, कोपर हवेत. स्नायू तासन्‌तास आवळलेले, त्यांना रक्त धड पोचत नाही, आणि हृदयाला तर काही कामच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, शिवाय दोन दिवस ताकदीचा. माझी मिनिटं शून्य. डायबेटिसच्या पेशंटला हिरड्या दाखवत "रोज चालता ना?" असं मीच विचारतो रे.

लूप्सवरून, त्या भिंगाच्या चष्म्यावरून, आपलं भांडण झालं होतं, आठवतं? मी म्हणत होतो, लूप्स आणि खोगिरासारखं सॅडल स्टूल घेतलं की मान वाचली. तू म्हणालास, पाठीतच दम नसेल तर चार वाजताच्या पेशंटवर तू वाकणारच. मी फोन आपटला होता. तुझं बरोबर होतं. लूप्स डोळ्यांवर असतानाच वाकलो होतो.

तू मात्र पहाटे धावून यायचास आणि कॉलेजात ओरल पॅथॉलॉजीच्या लेक्चरला घोरायचास. "याच्याच घशाची स्लाइड काढा," म्हणाल्या होत्या मॅडम! परवा आठवून एकटाच हसलो.

भीती हाताची आहे. दुसरं काय येतं मला? आणि माझी असिस्टंट, तेवीस वर्षांची पोर, लाळ ओढायची सक्शनची नळी धरून दिवसभर कंबर पिळून उभी असते. काल तिलाही विचारलं. कंबर वर्षभर दुखतेय, कधी बोलली नाही. आता दोन पेशंटच्या मध्ये पाच मिनिटं मोकळी ठेवलीत, दोघंही खांदे फिरवतो, जिना चढून-उतरून येतो.

लेकीला ऑर्थोची सीट मिळाली, ऐकून फार बरं वाटलं. वहिनींचा गुडघा कसा आहे?

पहाटे किती वाजता निघतोस ते कळव. मीही त्याच वेळी चालायला निघेन, आणि दाराबाहेर पडलो की तुला मेसेज करेन. नाही आला, तर फोन करून उठव.

तुझाच