गिरणीतल्या मायलेकांचे मनःपूर्वक आभार

परभणीत 10 डिसेंबर 2024 रोजी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागून अश्रुधूर सुटला, तेव्हा मी व माझी धाकटी बहीण गर्दीतून मागे फिरून एका अनोळखी गल्लीत शिरलो. तिची चप्पल सुटली होती, डोळे उघडत नव्हते. तेवढ्यात पिठाच्या गिरणीचे शटर अर्धे वर झाले आणि एका मावशींनी, "लेकरांनो, आत या," म्हणत आम्हाला ओढून घेतले. नाव, गाव, जात काहीच विचारले नाही. माठातल्या पाण्यात पदर भिजवून त्यांनी बहिणीचे डोळे पुसले. पदराला लागलेले ज्वारीचे पीठ तिच्या गालावर उमटले, ते घरी पोहोचेपर्यंत तसेच होते. अंधार पडल्यावर मावशींनी स्वतःची चप्पल तिच्या पायात सरकवली आणि त्यांचा मुलगा आम्हाला पार गावाबाहेरच्या रस्त्यापर्यंत पायी सोडून आला.

15 डिसेंबरला, या प्रकरणात अटक झालेल्या कायद्याच्या एका विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला, आणि त्या शटरमागे आपण कशातून वाचलो असू, हे आम्हाला उशिरा उमगले. पुढे चप्पल परत द्यायला गेलो, तर गिरणीला कुलूप होते. मावशी, ती अजून आमच्याकडे जपून ठेवली आहे. तुमचे व दादांचे मनापासून आभार.